नोंद ठेवली, पण वाचणार कोण?

‘एमएस’ म्हटलं की आपल्याला आठवते ती डॉक्टरांच्या नावापुढची पदवी. पण याच दोन अक्षरांनी ओळखला जाणारा एक आजारही आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस हे त्याचं पूर्ण नाव. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या नसांच्या आवरणावर हल्ला चढवते. विजेच्या वायरवरचं रबर जागोजागी खरवडलं गेलं तर दिवा कधी लागेल, कधी फडफडेल, तसंच शरीराचं होतं. कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागतं, कुणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाचा चालताना तोल जातो, कुणाला लघवीवर ताबा ठेवता येत नाही. बहुतेकांना हा त्रास झटक्याझटक्याने होतो. काही दिवस किंवा आठवडे राहतो, मग ओसरतो, कधी पुरता तर कधी अर्धवट.

जगभरात या आजाराचे सुमारे २९ लाख रुग्ण आहेत. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे आणि आजाराची सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. म्हणजे लग्न, बाळंतपण, नोकरी, मुलांच्या शाळा हे सगळं ऐन भरात असताना! ‘हा गोऱ्या लोकांचा आजार’ असं पूर्वी समजलं जायचं. पण मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली पारशी समाजात हा आजार लक्षणीय असल्याचं दाखवून दिलं. त्याआधी १९८५ सालीच मुंबईत ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली होती. आता एमआरआयची सोय पुष्कळ ठिकाणी झाल्यामुळे लहान गावांतल्या बायकांच्या हातातही या निदानाचा कागद पडू लागला आहे.

तो कागद हातात पडला की हल्ली पहिला शोध घेतला जातो मोबाइलवर. आणि तिथे या आजाराची अ‍ॅप्स भेटतात. औषधाची आठवण करून देणारी, रोजच्या त्रासाची नोंद ठेवणारी, चालण्याचा वेग मोजणारी. रोश या औषध कंपनीने काढलेल्या ‘फ्लडलाइट’ या अ‍ॅपमध्ये तर स्क्रीनवरचे टोमॅटो दोन बोटांच्या चिमटीत पिळायची चाचणी होती. हसू येतं ना? पण त्यातून बोटांची पकड आणि हालचाल किती नीट आहे ते फोनला कळतं. शिवाय दोन मिनिटं चालायचं, पाच वेळा वळायचं, आकृत्या गिरवायच्या, चिन्हं जुळवायची. ‘तुमचा आजार तुमच्या हातात’ असा या सगळ्यांचा एकूण सूर असतो. हे कितपत खरं आहे, ते जरा तपासून बघू या.

गरज आहे, यात शंकाच नाही. न्यूरोलॉजिस्ट बसतात मोठ्या शहरात. तालुक्याच्या गावाहून तिथे जायचं म्हणजे एका दिवसाची रजा, गाडीभाडं, सोबतीला कुणीतरी. तीन-सहा महिन्यांनी एकदा भेट आणि तीही दहा मिनिटांची. डॉक्टर विचारतात, “कशा आहात?” आणि आपण सवयीने म्हणतो, “बरी आहे.” मधल्या महिन्यांत डावा हात किती दिवस बधिर होता, जिना चढताना कितीदा थांबावं लागलं, हे काही त्या वेळी आठवत नाही. आठवलं तरी सोबत आलेल्या नवऱ्यासमोर किंवा सासऱ्यांसमोर लघवीचा त्रास सांगायचा कसा?

आणि थकवा! या आजारात बहुतेकींना तो असतोच. हा कामाने येणारा शीण नव्हे. पुरेशी झोप होऊनही सकाळी दहाला अंगातलं सगळं बळ निघून गेल्यासारखं वाटतं. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. त्यामुळे घरात ऐकावं लागतं, “दिसतेस तर चांगली धडधाकट!” अशा वेळी तारीखवार लिहिलेली नोंद ही त्या बाईची साक्ष असते. डॉक्टरांपुढे आणि घरच्यांपुढेही.

पण अभ्यास काय सांगतात? फ्लडलाइटच्या सुरुवातीच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७६ रुग्ण २४ आठवडे सहभागी होते. त्यांनी सरासरी ७० टक्के आठवडे चाचण्या केल्या. हे प्रमाण चांगलंच म्हणायला हवं. मात्र हे रुग्ण दवाखान्याशी जोडलेले होते, त्यांच्या ठरलेल्या भेटीही होत होत्या. आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेतल्या आठ मोबाइल अभ्यासांमधल्या एक लाखाहून अधिक लोकांची माहिती २०२० साली एकत्र तपासली गेली. त्यात ‘एलिव्हेटएमएस’ हे या आजाराचं अ‍ॅपही होतं. तिथे अर्ध्या लोकांनी साडेपाच दिवसांतच अ‍ॅप वापरणं सोडून दिलं होतं! मग टिकलं कोण? ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅप वापरायला सांगितलं होतं, ते इतरांपेक्षा साधारण ४० दिवस जास्त टिकले.

मला वाटतं, या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. अ‍ॅप सोडून देणाऱ्या काही आळशी नसतात. रोज सकाळी फोन विचारतो, “आज थकवा किती? एक ते दहामध्ये सांगा.” आपण सांगतो, सात. उद्या पुन्हा सात. त्या सातचं पुढे काय होतं? कुणी फोन करतं का? औषध बदलतं का? काहीच होणार नसेल तर रोज उठून आपल्या आजाराची आठवण कोण काढून घेईल? नोंद टिकते ती पलीकडे वाचणारं माणूस आहे हे ठाऊक असतं तेव्हा.

जर्मनीने ही गोष्ट कायद्यात बसवली. २०१९ सालच्या कायद्यानुसार तिथले डॉक्टर औषधासारखं अ‍ॅपही लिहून देऊ शकतात आणि त्याचे पैसे सरकारी आरोग्य विमा देतो. एमएसमधल्या थकव्यासाठीचा ‘एलेव्हिडा’ हा कार्यक्रम डिसेंबर २०२० मध्ये त्या यादीत आला. पण त्याआधी २७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती आणि थकवा कमी होतो असं दिसलं होतं. म्हणजे आधी पुरावा, मग डॉक्टरांची चिठ्ठी. आपल्याकडे फोनच्या दुकानात, म्हणजे त्या ‘स्टोअर’मध्ये, मिळणाऱ्या अ‍ॅपला किती तारे मिळालेत एवढंच दिसतं. ताऱ्यांवरून औषध घेतो का आपण?

आता अ‍ॅपला न कळणाऱ्या गोष्टींकडे वळू. पहिली म्हणजे ऊन. शरीर तापलं की या आजाराची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० सालीच हे टिपलं होतं. जागतिक एमएस दिन येतो ३० मे रोजी, आणि त्या दिवसांत आपल्या विदर्भ-मराठवाड्यात काय उकाडा असतो ते सांगायला नकोच. दुपारी चुलीजवळ किंवा पत्र्याच्या घरात बसून चालण्याची चाचणी केली तर आकडे घसरणारच. अ‍ॅप लाल रेघ दाखवील आणि बाई घाबरून जाईल. पण गारव्याला बसल्यावर, अंगावरून ओला टॉवेल फिरवल्यावर त्रास ओसरला, तर तो बहुधा आजाराचा नवा झटका नसतो. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असला तरी असंच होतं. नवीन किंवा वाढलेलं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं आणि त्यामागे ताप, संसर्ग किंवा उष्णता नसेल, तर तो झटका असू शकतो. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. म्हणजे नेमकी आपली लेक माहेरी असते आणि रात्र-रात्र जागी असते, तेव्हा! शिवाय फिंगोलिमॉडसारख्या काही गोळ्या दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधीच बंद कराव्या लागतात. रोज रात्री “गोळी घेतली का?” असं विचारणारं अ‍ॅप “मूल हवं आहे का?” हे विचारीलच असं नाही. तो प्रश्न आपणच डॉक्टरांपुढे काढायला हवा, आणि वेळेआधी. मनाने गोळी बंद करणंही तितकंच धोक्याचं.

तिसरी गोष्ट, फोन कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्केच बायकांनी आपण वापरतो तो मोबाइल आपला स्वतःचा असल्याचं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या होत्या ३३ टक्के. पुष्कळ घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो मुलाच्या हातात असतो. त्यावर “आज लघवीचा त्रास झाला का?” अशी पट्टी झळकली तर कसं वाटेल? काहींनी तर आजार सासरी सांगितलेलाही नसतो. बरं, हे प्रश्न बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. मुंग्या, बधिरपणा, जडपणा, ओढल्यासारखं होणं यांतला फरक आपल्याला मराठीत पक्का कळतो. इंग्रजी यादीतून निवडताना मात्र गोंधळ होतो आणि नोंदच चुकीची होते.

आणि ही माहिती जाते कुठे? पाळीची नोंद ठेवणारं ‘फ्लो’ हे अ‍ॅप आपल्यातल्याही काहीजणी वापरत असतील. त्यातली माहिती फेसबुक, गुगल यांसारख्या कंपन्यांकडे गेल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ साली त्या कंपनीला समझोता करावा लागला. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. दिलेली संमती मागे घेण्याचा, माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. पण मुळात ‘मान्य आहे’ वर बोट ठेवण्याआधी, हे अ‍ॅप कुणी काढलंय आणि फुकट का देतंय, एवढं तरी विचारायला हवं.

मग अ‍ॅप वापरूच नये का? तसं मुळीच नाही. फोन स्वतःचा असेल, इंग्रजीची अडचण नसेल, तर जरूर वापरा. पण आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा, “मी काय टिपून आणू आणि तुम्ही ते बघाल का?” ते जे सांगतील तेवढंच टिपा. आणि फोन नसेल तर अडून बसू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा, गॅसचा हिशेब आपण वर्षानुवर्षं लिहीत आलोय. त्याच चौकोनात दोन शब्द लिहायचे. नवीन त्रास कोणता, किती तास राहिला, त्या दिवशी ताप किंवा ऊन होतं का, औषध चुकलं का, पाळी कधी आली. लाज वाटणाऱ्या गोष्टीसाठी आपली खूण ठरवा, नुसता एक ठिपका. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी हे सगळं एका कागदावर उतरवा आणि आत गेल्यावर तो कागद त्यांच्या हातातच द्या. सोबतच्या माणसासमोर बोलायचंच नसेल तर तो कागद बोलेल.

सरकारची ‘ई-संजीवनी’ ही फोनवरून मोफत सल्ल्याची सेवा आहे, तिचाही मधल्या काळात उपयोग करता येतो. आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नावानिशी समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सवलतींचा मार्ग मोकळा होतो. त्यासाठी जुने कागद, एमआरआयचे अहवाल जपून ठेवा.

मागणी करायचीच तर ती आणखी एका नव्या अ‍ॅपची नको. मराठीत प्रश्न विचारणारी साधी नोंदवही हवी, मग ती फोनवर असो की कागदावर. आणि जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एकदा ती बघणारी, गरज पडली तर “ताई, उद्याच या” असा फोन करणारी एक प्रशिक्षित परिचारिका हवी. स्वतःची काळजी स्वतः घ्या, असं बायकांना सांगायला काहीच पैसे पडत नाहीत. ती घेतल्यावर पलीकडे कुणीतरी बसवायला मात्र पडतात. खर्च तिथे करायला हवा.