बॉक्सवर शेवटची तारीख हवी

मोहोळ तालुक्यात दणकट फोनची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही. डाळिंबाच्या बागेत ब्लोअर चालू असताना फोन खिशातच असतो. ठिबकचा फिल्टर उघडताना तो चिखलात पडतो, उसाच्या फडात पाचटाखाली जातो, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला तर मे महिन्याच्या उन्हात तापतो. सोलापूरचा पारा 42 अंशांच्या पुढे जाणे काही नवे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदी पात्र सोडून गावांत आणि रानांत शिरली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. त्या दिवसांत भिजूनही चालू राहणारा फोन ही चैन नव्हती.

त्यामुळे जाड रबरी कडांचे, पाण्या-धुळीला दाद न देणारे, ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणून विकले जाणारे फोन इथल्या शेतकऱ्याला, कारखान्याच्या स्लिप बॉयला, वायरमनला हवेसे वाटतात. ते योग्यच आहे. पण अंग दणकट आणि आतले सॉफ्टवेअर मात्र मागे पडत चाललेले, असा फोन घातलेले पैसे वसूल करून देतो का? आमचे उत्तर असे : अपडेट उशिरा आले तरी फोन कामाचा राहतो, अपडेट थांबले की त्याच्या हाती पैशाचे काम देणे धोक्याचे होते, आणि ते कधी थांबणार हे गिऱ्हाइकाला फोन घेतानाच कळले पाहिजे. ती तारीख कंपन्यांनी बॉक्सवर, एमआरपीशेजारी छापावी. त्या छापत नसतील तर सरकारने छापायला लावावी.

दणकटपणा म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. ‘आयपी 68’ या खुणेतला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही. 8 म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीवर, सांगितलेल्या वेळेपुरता फोन पाण्यात तग धरेल. ही चाचणी नव्या फोनवर आणि स्वच्छ पाण्यात होते. फवारणीचे औषध, घाम आणि ऊन यांनी आतले रबरी सील हळूहळू थकते. ‘मिल-एसटीडी-810’ हे अमेरिकी सैन्याने घालून दिलेले चाचण्यांचे मानक. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. प्रमाणपत्र देणारी वेगळी सरकारी यंत्रणा त्यामागे नसते. तरीही या खुणा बिनकामाच्या नाहीत. निदान कशाची चाचणी झाली, हे त्या सांगतात आणि गिऱ्हाइकाला दोन फोनांची तुलना करता येते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत असली एकही खूण बॉक्सवर नसते.

आता अपडेटकडे वळू. अपडेट दोन प्रकारचे. एक अँड्रॉइडची नवी आवृत्ती, वर्षातून एकदा येणारी. दुसरे सुरक्षेचे अपडेट, सापडलेल्या भोकांना बुजवणारे. ऑगस्ट 2015 पासून गूगल अशा दुरुस्त्यांची पत्रके नियमाने जाहीर करते. तिथून ती दुरुस्ती चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्याकडे जाते, त्या मॉडेलवर तपासली जाते आणि मग आपल्या हातात पडते. दणकट फोन इथेच मागे पडतात. त्यांचा खप कमी असतो, म्हणून त्यांच्यासाठी बसवलेले अभियंतेही कमी. किंमत आटोक्यात ठेवायला बऱ्याचदा आधीच जुनी झालेली चिप वापरलेली असते आणि चिपवाल्याने हात काढून घेतला की फोनवाल्याला पुढे फारसे काही करता येत नाही. जाड अंगावर झालेला खर्च गिऱ्हाइकाला दिसतो, विकत घेता येतो; पुढच्या पाच वर्षांची देखभाल दुकानात दिसत नाही, म्हणून कंपनी सगळ्यात आधी तिथेच हात आखडते.

उशीर किती चालेल? दोन-तीन महिन्यांच्या उशिराने घाबरून जाण्याचे कारण नाही. ब्राउझर, बँकेची ॲप, गूगलचे प्ले प्रोटेक्ट यांची अपडेट प्ले स्टोअरमधून थेट येतात. अँड्रॉइड 10 पासून फोनच्या मूळ प्रणालीचे काही भागही त्याच वाटेने दुरुस्त होतात. पण सगळे भाग तसे होत नाहीत. शिवाय दुरुस्तीचे पत्रक सगळ्यांसाठी जाहीर असते. भोक कुठे आहे हे ते बुजवणाऱ्याला कळते, तसे त्यातून आत शिरणाऱ्यालाही कळते. ज्या फोनला ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही, त्याचे भोक दर महिन्याला जुने आणि जास्त ओळखीचे होत जाते. उशीर आणि कायमची थांबणूक यांतला फरक तो हाच.

नवी आवृत्ती म्हणजे नुसती रंगरंगोटी, हाही समज सोडला पाहिजे. सध्या गावोगावी व्हॉट्सॲपवर वाहनाच्या दंडाची किंवा पीएम-किसानच्या हप्त्याची म्हणून एपीके फाइल येते. ती उघडून ॲप बसवले, मागेल त्या परवानग्या दिल्या, की ओटीपी आणि खाते दोन्ही चोराच्या हाती. 2022 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 13 ने या वाटेवर एक अडसर घातला : अशा बाहेरून आलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे पडदा वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणे दाबण्याची, परवानगी सहज मिळत नाही. अडसर ओलांडता येतो; पण घाईत, भीतीपोटी बोट दाबणाऱ्या माणसाला तो थांबून विचार करायला लावतो. अँड्रॉइड 11 किंवा 12 वर अडकलेल्या फोनात तो अडसरच नाही, मग फोनची काच कितीही मजबूत असो.

आणि फोन आता नुसता बोलायला राहिलेला नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी यांच्याशी ती जोडलेली आहे. पीएम-किसानची ई-केवायसी 2023 पासून मोबाईलवर चेहरा दाखवून करता येते. ऊस भीमा कारखान्याला जावो की अनगरच्या लोकनेतेला, पैसे बँकेत आणि बँक फोनात. त्यामुळे फोन मागे पडणे म्हणजे माणूस मागे पडणे, इतका हा मामला घरात आला आहे.

सॉफ्टवेअरची गरज पुढे गेली आणि फोन मागे राहिला की काय होते, हे या राज्याने एकदा पाहिले आहे. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. 2 जीबी रॅमचे ते फोन नवे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप पेलत नव्हते. ते अडकत, तापत. वॉरंटी संपलेली होती आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडत होता. वर ॲप इंग्रजीत. ते फोन दणकट म्हणून घेतलेले नव्हते, हे खरे. पण रबरी आवरण चढवले असते तरी त्या तक्रारींतली एकही कमी झाली नसती. खरेदी करताना फोनचा विचार झाला, त्यावर पुढे चालवायच्या कामाचा झाला नाही. त्याची किंमत मानधनावर काम करणाऱ्या बायकांनी मोजली.

बाजारात चांगली उदाहरणेही आहेत. सॅमसंगचा एक्सकव्हर 7 हा दणकट फोन फेब्रुवारी 2024 मध्ये भारतात 27 हजारांच्या थोड्या वरच्या किमतीला आला. चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा अपडेट, असे कंपनीने आधीच सांगितले; बॅटरीही हाताने काढता येते. नोकियाचा एक्सआर 20 ऑक्टोबर 2021 मध्ये इथे 46,999 रुपयांना आला. त्याला तीन वर्षे नव्या आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा अपडेट असा शब्द होता. ती चार वर्षे 2025 मध्ये सरली. ज्याने तो जपून वापरला त्याच्या फोनला आज ओरखडाही नसेल, पण मुदत संपली. तिसरे उदाहरण ब्रिटनमधल्या बुलिट ग्रुपचे. कॅट आणि मोटोरोला डिफाय या नावांनी दणकट फोन बनवणारी ही कंपनी 2024 च्या सुरुवातीला बंद पडली. फोन दणकट होते, कंपनी नव्हती.

यातून गिऱ्हाइकाला एक साधा हिशेब हाती येतो. किंमत आणि अपडेटची उरलेली वर्षे यांचा भागाकार करा. 27 हजारांचा फोन पाच वर्षे सांभाळला जाणार असेल तर वर्षाला साडेपाच हजारांच्या आत पडतो. 47 हजारांचा चार वर्षे सांभाळला जाणार असेल तर वर्षाला पावणेबारा हजार. 15 हजारांचा दणकट फोन स्वस्त वाटतो. पण अपडेटचा शब्दच नसेल तर भागायचे कशाने? यात एक मेख आहे. ही वर्षे बहुधा फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्या दिवसापासून नव्हे. 2024 च्या सुरुवातीला आलेला फोन 2026 मध्ये घेतला तर पाचातली तीनच उरतात. दुकानातली भरघोस सूट पुष्कळदा या सरलेल्या वर्षांचीच असते.

‘चालतोय तोवर वापरायचा’ ही इथली रीत आहे आणि ती कमीपणाची नाही. टिकणारी वस्तू टाकून देणे हा पैशाचा आणि मातीचा दोहोंचा अपमान आहे. म्हणून अपडेट थांबलेला दणकट फोन भंगारात घालू नये. रानातल्या मोटारीच्या स्टार्टरला फोन लावायला, बोलायला, फोटोला, रात्रीच्या उजेडाला तो अजून कित्येक वर्षे उत्तम आहे. बँक, यूपीआय आणि ओटीपी येणारे सिम मात्र त्यातून काढून अपडेट मिळणाऱ्या फोनात टाकावे. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या सदरात सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभर हललेली नसेल तर हा निर्णय पुढे ढकलू नये. पण ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे, तिथे हा सल्ला निम्माच उपयोगी पडतो. त्या घराला सल्ला नव्हे, कायद्याचे पाठबळ हवे.

तसे पाठबळ इतरत्र उभे राहिले आहे. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून फोनांसाठी नवे नियम लागू केले. त्यांत सुटे भाग सात वर्षे मिळण्याची आणि विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या अपडेटची तरतूद आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. 2024 मध्ये वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचा निर्देशांक ठरवायला समिती नेमली. मे 2025 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहेत. दिशा बरोबर आहे. पण निर्देशांक, त्याचे गुण, त्याचे तक्ते यांची वाट पाहत बसण्याआधी एक ओळ आज छापता येते.

मोहोळच्या कृषी सेवा केंद्रात बियाण्याची पिशवी किंवा कीटकनाशकाची बाटली घेताना शेतकरी मुदतीची तारीख वाचून घेतो. दोनशे रुपयांच्या बाटलीवर ती तारीख कायद्याने असते; पंचवीस हजारांच्या फोनवर नसते. आवेष्टित वस्तूंवर एमआरपी, उत्पादनाचा महिना, कंपनीचा पत्ता छापायला लावणारे वैधमापनशास्त्राचे 2011 चे नियम याच ग्राहक व्यवहार विभागाच्या अखत्यारीत आहेत. त्यात ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत’ एवढी ओळ घालायला नवा कायदा लागत नाही. जी कंपनी अपडेट देणारच नसेल तिने ‘अपडेट मिळणार नाहीत’ असे छापावे. स्वस्त फोन विकायला कोणाची ना नाही, फसवून विकायला आहे.

दिल्लीतून ही ओळ येईपर्यंत इथेही करण्यासारखे आहे. साखर कारखाने, जिल्हा परिषद, महावितरण, बँका कर्मचाऱ्यांसाठी फोन घाऊक घेतात तेव्हा निविदेत आयपी 68 बरोबर अपडेटची शेवटची तारीखही मागावी, आणि ती पाळली नाही तर दंडाची अट घालावी. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी ॲप वापरायला शिकवताना फोनच्या अपडेटची तारीख तपासायलाही शिकवावे. आणि दुकानात फोन हातात घेणाऱ्या प्रत्येकाने ‘पडला तर फुटेल का’ याच्या जोडीला ‘अपडेट कोणत्या सालापर्यंत’ हेही विचारावे. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर तो कंपनीच्या माणसाला विचारेल. हा प्रश्न पुरेशा गावांतून गेला की कंपनीला तारीख द्यावीच लागेल. दणकट फोनसाठी जादा पैसे मोजणारा माणूस टिकाऊपणा विकत घेतो. तो टिकाऊपणा किती सालापर्यंतचा, हे त्याला लेखी मिळालेच पाहिजे.