पश्चात्ताप की पहारा?

भूमध्य समुद्राच्या दोन तीरांवरील युरोप व आफ्रिका यांच्या शेजाराचा इतिहास रक्तलांछित आहे. इटलीने १९११ साली लिबियावर स्वारी केली. प्रतिकार चिरडण्यासाठी मुसोलिनीच्या राजवटीने १९३० पासून पूर्व लिबियातील सुमारे एक लाख पशुपालकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले. उपासमारीने व रोगराईने हजारो मेले. लढ्याचे वयोवृद्ध नेते ओमर मुख्तार यांना १९३१ मध्ये फाशी देण्यात आले.

२००८ मध्ये बेंगाझी येथे इटलीने या अन्यायाबद्दल क्षमा मागितली व वीस वर्षांत ५ अब्ज डॉलर देण्याचा करार केला. वसाहतवादी राष्ट्राने मान तुकवावी, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच करारात स्थलांतरितांना रोखण्याचे कलमही होते. लगेच २००९ मध्ये इटलीने भर समुद्रात अडवलेल्या माणसांना लिबियात नेऊन सोडले. त्यांपैकी २४ जणांनी दाद मागितली. ते सोमालिया व इरिट्रियाचे, म्हणजे इटलीच्याच जुन्या वसाहतींतले होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये इटलीला दोषी ठरवले. तरीही २०१७ मध्ये नवा समझोता झाला. तेव्हापासून हे काम युरोपच्या मदतीने लिबियाचे तटरक्षक करतात, आणि पकडलेली माणसे पुन्हा छावण्यांतच जातात.

कालच्या छावण्यांचे प्रायश्चित्त आजच्या छावण्यांनी होत नसते. राज्यकर्त्यांनी राज्यकर्त्यांना मोजलेला पैसा म्हणजे जनतेला मिळालेला न्याय नव्हे. तो पहारेकऱ्याचा पगार ठरतो.