प्रवेश दिला, मैदान दिले नाही

प्रवेश मिळाला म्हणजे समता आली, असे आपल्याला सतत सांगितले जाते. राखीव जागा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून मोठ्या शाळेत नाव लागले, मग आता आणखी काय पाहिजे? हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटते की शाळा म्हणजे हजेरीपट. हजेरीपटात नाव आले की विषय संपला. पण शाळा कोणाची आहे हे हजेरीपटावरून कळत नाही. ते मैदानावर कळते, गॅदरिंगच्या स्टेजवर कळते, डबा खाताना कळते. हे ज्याला पटत नसेल त्याने अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलचा इतिहास वाचावा.

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरातले सेंट्रल हायस्कूल १९२७ साली बांधले गेले. खर्च सुमारे पंधरा लाख डॉलर. अमेरिकेतले सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून त्याचा गौरव झाला. अभ्यासात अव्वल आणि फुटबॉलमध्ये तर त्याचा दरारा. शाळेमागचे स्टेडियम इतके मोठे की काही काळ विद्यापीठाचा संघही तिथे सामने खेळत असे. शाळा जनतेच्या पैशातून उभी राहिली, पण त्या जनतेतल्या कृष्णवर्णीयांची मुले तिच्या दारात उभी राहू शकत नव्हती. त्यांच्यासाठी १९२९ साली डनबार हायस्कूल बांधले गेले. खर्च सुमारे चार लाख डॉलर, आणि त्यातही काही वाटा एका धर्मादाय निधीचा. कायद्याच्या भाषेत याला ‘वेगळे पण समान’ म्हणत. पंधरा लाख आणि चार लाख समान कसे, हे विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे गावात दोन पाणवठे असत आणि दोन्हीकडे पाणीच आहे असे सांगितले जाई. त्यातलाच हा प्रकार.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. लिटल रॉकच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी मग हळूहळू, टप्प्याटप्प्याने, कोणाला त्रास न होता अशी एक योजना आखली. १९५७ साली शहराच्या पश्चिमेला, जिथे पैसेवाले गोरे राहत होते तिथे, हॉल हायस्कूल नावाची नवी शाळा उघडली. तिथे एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी पाठवला गेला नाही. समतेचा प्रयोग करायचा तो सेंट्रलमध्ये, जिथे कामगार वर्गाची गोरी मुले शिकत होती. प्रस्थापितांनी स्वतःची मुले बाजूला काढायची आणि खालच्या दोघांना एकमेकांसमोर उभे करायचे, ही चाल आपल्याला नवीन नाही.

सेंट्रलसाठी विद्यार्थी निवडताना त्यांचे गुण पाहिले, हजेरी पाहिली, वर्तन पाहिले. चाळणी लावता लावता शेवटी नऊ जण उरले. गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ही नऊ मुले गुणवत्तेच्या प्रत्येक कसोटीला उतरली होती. तरी राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे सैनिक उभे करून त्यांना दारात अडवले. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड त्या जमावातून एकटी चालत गेली. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजाराहून अधिक सैनिक पाठवावे लागले, तेव्हा २५ सप्टेंबर १९५७ रोजी ही मुले पूर्ण दिवस शाळेत बसू शकली.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. छायाचित्रेही पाहिलेली असतात. पण त्या प्रवेशाला जोडलेली अट फारशी सांगितली जात नाही. अट अशी होती: वर्गात बसा, पण शाळेच्या इतर कुठल्याही उपक्रमात भाग घ्यायचा नाही. संघात खेळायचे नाही, बँडमध्ये वाजवायचे नाही, गाण्याच्या चमूत गायचे नाही. जेफरसन थॉमस आधीच्या शाळेत उत्तम धावपटू होता. त्याचे धावणे बंद. अर्नेस्ट ग्रीन जुन्या शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत असे. ते बंद. मिनीजीन ब्राऊनला गायचे होते. तिलाही स्टेज नाही. त्याच हंगामात सेंट्रलचा फुटबॉल संघ एकही सामना न हरता अजिंक्य राहिला. शाळेचा जयघोष होत होता, पण त्या जयघोषात या नऊ जणांना जागा नव्हती.

ही अट किरकोळ वाटते का? मग तिचा परिणाम पाहा. वर्गात मुले शेजारी बसतात, पण बोलत नाहीत. मैत्री होते ती सरावाला, तालमीला, एकत्र हरण्या-जिंकण्यात. जिथे माणूस माणसाला ओळखू शकतो तेवढ्याच जागा बंद केल्या. उरले काय? व्हरांड्यातले धक्के, शिव्या, थुंकणे. सैनिक व्हरांड्यात सोबत असत, वर्गात आणि कपडे बदलायच्या खोल्यांत नसत. मिनीजीनला छळाला उत्तर दिले म्हणून फेब्रुवारी १९५८ मध्ये शाळेतून काढून टाकले. अर्नेस्ट ग्रीन मात्र टिकला. मे १९५८ मध्ये पदवीदान समारंभात त्याचे नाव पुकारले तेव्हा इतरांसाठी वाजणाऱ्या टाळ्या थांबल्या. प्रेक्षकांत मार्टिन ल्यूथर किंग बसले होते. प्रमाणपत्र मिळाले, टाळी मिळाली नाही. पुढे हाच ग्रीन अमेरिकेच्या कामगार खात्यात मोठ्या पदावर गेला, हे टाळी न वाजवणाऱ्यांनी नंतर पाहिलेच असेल.

आता पुढचे वर्ष पाहा. सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की समता पुढे ढकलता येणार नाही. फॉबस यांनी उत्तर म्हणून शहरातली चारही सरकारी हायस्कूल बंद करून टाकली. साडेतीन हजारांवर मुले वाऱ्यावर सोडली गेली. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली, बहुतेक गोऱ्या मुलांनी कुठे ना कुठे सोय करून घेतली. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचे वर्ष शाळेविना गेले. शिक्षक करारानुसार रिकाम्या वर्गांत येऊन बसत होते. पण एक गोष्ट बंद पडली नाही. सेंट्रलचे फुटबॉल चालू राहिले, आणि ते चालू राहावे अशी खुद्द राज्यपालांचीच इच्छा होती. वर्ग बंद, मैदान चालू! आदल्या वर्षी वर्ग उघडला तेव्हा मैदान बंद होते. यावरून या लोकांना खरी किंमत कशाची वाटत होती ते उघड होते. पुस्तक वाटून घ्यायची वेळ आली तर पुस्तकच फाडून टाकू, पण जल्लोष मात्र आमच्याकडेच राहील.

हे वाचून अमेरिकेला नावे ठेवायची घाई करू नका. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. ती सरकारी शाळा, मुंबईतली, नामांकित. एकदा गणित सोडवायला त्यांना फळ्याजवळ बोलावले, तर बाकीची मुले फळ्यामागे ठेवलेले डबे हलवायला धावली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. प्रवेश होता, फळा होता, पण फळ्यापर्यंतचे चार पाऊल अंतर बाटवणारे होते. मैदानाचेही तेच. बाळू पालवणकर चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. गोऱ्यांच्या क्लबला हरवायचे म्हणून पुण्यातल्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळायला त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साल उजाडावे लागले. म्हणजे मैदान आपोआप समतेचे नसते. जिंकायला आपला हात चालतो, मान द्यायची वेळ आली की जात आठवते.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, खेळ-गाणी नंतर, पोरांनी आधी अभ्यास करावा. त्यांची कळकळ खरी आहे. ज्या घरात पहिली पिढी शिकते आहे तिथे वहीला पैसे नाहीत, बुटांना कुठून आणणार? पण या युक्तिवादात एक फसवणूक लपलेली आहे. अभ्यास की खेळ, अशी निवड सवर्णांच्या मुलांसमोर कोणी ठेवत नाही. त्यांना दोन्ही मिळते. निवड फक्त आपल्या मुलांना करायला लावतात. आणि जो मुलगा आठवीपासून दहावीपर्यंत शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या लावायलाच असतो, त्याच्या मनात आपण पाहुणे आहोत ही भावना घर करते. अशा मनाने गणितही नीट होत नाही. आत्मसन्मान हा अभ्यासक्रमाबाहेरचा उपक्रम नव्हे.

गंमत अशी की लिटल रॉकमध्ये जे हिरावून घेतले गेले, ते देण्याचे बंधन आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान, खेळाचे साहित्य आणि ग्रंथालय सांगितले आहे. पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांना वेगळे बसवू नये, आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ व इतर उपक्रम यांत त्यांच्याशी भेदभाव करू नये, असे केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. मग सहलीची फी, गॅदरिंगच्या पोशाखाची फी, क्रिकेट कोचिंगची फी या वाटेने आपली मुले बाहेर कशी राहतात? तिथे राज्यपाल अट घालायला उभा नाही. इथे अट पावतीवर छापून येते.

म्हणून पालकांनी प्रवेशाच्या यादीशी थांबू नये. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या जागा भरा. बैठकीत चहा पिऊन सही करून येऊ नका. विचारा: मैदान कुठे आहे? पीटीचा तास कोणत्या विषयाला दिला? संघात निवड कोण करते, कधी करते, सूचना कुठे लावते? खासगी शाळेत असाल तर हेच प्रश्न पालक-शिक्षक सभेत विचारा, आणि लेखी विचारा. नियम हातात घेऊन गेलेल्या आईला मुख्याध्यापक सहज परत पाठवू शकत नाही.

सेंट्रल हायस्कूल आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिथे अजूनही शाळा भरते. फॉबस यांनी बंद केलेले वर्ग १९५९ च्या ऑगस्टमध्ये उघडले. जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स परत आले. १९६० च्या फेब्रुवारीत कार्लोटाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तरी त्याच वर्षी दोघेही तिथूनच उत्तीर्ण झाले. त्यांनी प्रवेशाचे मोल पुरेपूर चुकवले. आपल्या मुलांच्या प्रवेशाचे मोल बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पिढीने आधीच चुकवले आहे. आता उरलेली शाळा मागायची आहे. मैदानासकट, स्टेजसकट, टाळ्यांसकट.

जय भीम!