पट्ट्यासोबत अंगणवाडी मागा, ताई गुड्यातलीच मागा



मागच्या उन्हाळ्यात वनहक्काच्या दाव्यांसाठी शेतांची मोजणी चालू होती. बायाबी दोरी धरायला जात. मंग लेकरं ठेवायची कुठं? किनवट तालुक्यातल्या एका गुड्यावर आमच्यातलीच एक पोरगी मोहाच्या झाडाखाली पंधरा-वीस लेकरं घेऊन बसली. शिक्षण नववी. पहिल्या दिवशी तिनं अ आ इ ई सुरू केलं, तर तासाभरात निम्मी लेकरं आईमागं पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेजारची आजी म्हणाली, "पोरी, आधी त्यांला बोलू तर दे." मंग चिंचोके आणले आणि मोजणं सुरू झालं: उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. शेताची मोजणी संपली, लेकरं मात्र येतच राहिली.

याच आकड्यांपायी दुसऱ्या एका अंगणवाडीत लेकराला मार बसला. तिथली बाई बाहेरगावची, गोंडी येत नाही. लेकरू चिंचोके मोजत "रंड" म्हणालं. बाईला वाटलं शिवी देतंय, दिली थापड. गोंडीत रंड म्हणजे दोन. ते लेकरू पुन्हा तिकडं फिरकलं नाही. बाई वाईट नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. तिच्या प्रशिक्षणात हे कोणी सांगितलंच नव्हतं. रजिस्टरं कशी भरायची, वजनकाटा कसा टांगायचा, आहार किती वाटायचा, हे सगळं सांगितलं. घरात 'येर' म्हणणाऱ्या लेकराला 'पाणी' शब्दापर्यंत कसं आणायचं, ते राहून गेलं.

म्हणून आमचं म्हणणं आहे की केंद्रातलं प्रशिक्षण ही सुरुवात आहे. खरं शिकणं लेकरांत बसूनच होतं. आमची मोहाखालची पोरगी तशीच शिकली, पण तिला विचारायला कोणी नव्हतं. अनुभवी ताईच्या हाताखाली सहा महिने बसायला मिळालं असतं, तर ती किती पुढं गेली असती! अशा पोरींना मानधनासह शिकाऊ म्हणून घ्या, गोंडी-कोलामी येणाऱ्या बाया प्रशिक्षणात शिकवायला बोलवा, ही आमची मागणी आहे. मदतनीस वर्षानुवर्षं लेकरं सांभाळते, गाणी म्हणते, त्यांची भाषा बोलते. तरी जागा निघाली की बाहेरचीचा अर्ज वर आणि मदतनीस पुन्हा चुलीपाशी. हे आम्हाला मान्य नाही.

हे काही आमच्या डोक्यातलं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं. पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली लेकरांत गेल्या. लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. शिकवणाऱ्या बायाही तिथंच, काम करता करता घडल्या. आणि त्याच 1945 साली, त्याच पट्ट्यात, झरी गावात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध एल्गार केला. दोन्ही कामं वेगळी होती, माणसंही वेगळी. पण लेकरं त्याच झोपड्यांतली होती.

आता आमची चूक. आमच्या बैठकीत बायांनी अंगणवाडीचा विषय काढला की आम्हीच म्हणायचो, आधी जमीन, ते नंतर बघू. पण कायद्यात हे दोन्ही एकत्रच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांच्या यादीत अंगणवाडी तिसऱ्या नंबरवर आहे. एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील आणि ग्रामसभेनं शिफारस केली असेल, तर जागा देता येते. "वनजमीन आहे, खोली बांधता येत नाही" असं सांगून परत पाठवलं तर हे कलम दाखवा.

दुसरी गोष्ट सुप्रीम कोर्टाची. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाप्रमाणे ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 लेकरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिनं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. (आपल्या दाव्यांची कटऑफ तारीख 13 डिसेंबर 2005. तारीख ध्यानात ठेवायला सोपं जातं.) लहान गुड्यांसाठी आदिवासी भागात 150 ते 300 लोकसंख्येला मिनी अंगणवाडी असा निकष होता.

लातूरकडच्या साथींचा प्रश्न वेगळा आहे. जळकोट, अहमदपूर आणि आपल्या मुखेड, कंधारकडून दिवाळी झाली की माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकराचं नाव गावच्या रजिस्टरात, लेकरू फडात. तिथं टोळीतल्याच एखाद्या पोरीला तयार करावं लागेल. हे कसं जमवायचं ते आम्हालाही अजून नीट सुचलेलं नाही. तिकडच्या बायांनी लिहून कळवा.

पुढच्या ग्रामसभेला येताना घरटी सहा वर्षांखालच्या लेकरांची नावं लिहून आणा. आपल्या गुड्यातली कोण पोरगी हे काम शिकायला तयार आहे, तिला घरी जाऊन विचारा. तिच्या सासरच्यांनाही विचारा, नाहीतर ऐन वेळी अडतं. ठरावावर बायांच्या सह्या, अंगठे आधी घ्या. बालविकास प्रकल्प कार्यालयात अर्ज देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नका.