चुली चार, सातबारा एक



भोकरदनपासून मंठ्यापर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात पाहा. बाहेरून दार एक दिसते, आत तीन-चार चुली पेटतात. थोरला जुन्या घरात, मधला मागच्या पत्र्याच्या खोलीत, धाकटा बायकोपोरांसह आखाड्यावर. म्हातारा एकाकडे जेवतो, म्हातारी दुसऱ्याकडे. रानातही धुरे पडलेले असतात. सगळे वेगळे झाले, सातबारा मात्र अजून आज्याच्या नाहीतर थोरल्याच्या नावावर आहे.

सुनांचे पटत नाही म्हणून घरे फुटतात, असे पारावर बसून सांगतात. आम्हाला ते मान्य नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ साली खातेदारामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा कोरडवाहू रानातल्या कापसाच्या पैशात चार जोडप्यांचे भागत नाही. मालाला भाव मिळाला नाही की भावाभावांत हिशेबावरून कुरबूर सुरू होते, आणि बोल मात्र बायकांना लागतो. दिवसभर कापूस वेचून पायातल्या चपलेसाठी थोरल्या जावेकडे पैसे मागावे लागत असतील, तर त्या बाईने वेगळी चूल मागितली यात तिचा काय गुन्हा?

तेव्हा वेगळे राहण्याला आमचा विरोध नाही. वेगळे राहून कागद न करणे, हे घातक आहे.

सरकार जनगणनेत घर मोजते ते चुलीवरून. एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. २०१९ च्या पीएम किसान योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. पण पीककर्ज, नुकसानीचे अनुदान यांची वेळ आली की चूल कोणी विचारत नाही, सातबारा मागतात. खाते सामाईक असेल तर बाकीच्यांचे संमतीपत्र आणा म्हणतात. वीस वर्षे रान कसणारा धाकटा बँकेच्या दारात शेतकरी ठरत नाही. गारपीट त्याच्या ज्वारीवर होते आणि अनुदान थोरल्याच्या खात्यात जमा होते.

उद्या तो धाकटा गेला तर? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्याची विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. पण नवऱ्याचेच नाव कागदावर नसेल, तर तिला आधी त्याचा हिस्सा सिद्ध करावा लागतो. पोरे पदरात घेऊन ती तहसीलचे हेलपाटे घालणार, की दिराची मर्जी सांभाळणार?

चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमिनी केल्या. १९९२ साली शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची वाट मोकळी केली. ते काम अर्धेच राहिले आहे.

आमचे सांगणे एवढेच.

बाप हयात असताना, सगळे एका जागी बसून वाटणी करा. महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलमध्ये अर्ज करता येतो. वाटणीपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आहे. खर्चाचा बहाणा आता चालणार नाही.

हिस्सा नावावर होताना कारभारणीचे नाव बरोबर लावा. बहिणींना विचारा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क दिला. साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणे ही रीत नव्हे, लबाडी आहे.

म्हाताऱ्यांनी सगळे वाटून मोकळे होऊ नये. थोडे रान स्वतःच्या नावावर ठेवावे. जमीन बक्षीस द्यायचीच असेल, तर सांभाळण्याची अट कागदात लिहून घ्यावी. अट मोडली तर २००७ च्या कायद्याने ते बक्षीस रद्द करून घेता येते.

आणि एक गोष्ट शेतीची. वाटणी करताना सगळे उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या पाडतात, म्हणजे वरचा मुरूम आणि खालची काळी प्रत्येकाला मिळते. पण अरुंद पट्टीत पाळी-पेरणी उताराच्याच दिशेने होते आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्याला जाते. वाटणी उताराला आडवी करा. ज्याला मुरूम आला त्याला एकर जास्त द्या, काळी आली त्याला कमी. विहीर सामाईक ठेवा, पण पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवा. बैलजोडी नाही परवडली तर दोघांत एक ठेवा. चूल वेगळी झाली म्हणून औत वेगळे करण्याची गरज नसते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपला आठ-अ आणावा. घरात चुली किती आणि कागदावर नावे किती, त्यात बायकांची किती, एवढे मोजू. मग पुढच्या हंगामाच्या आत कोणत्या गावात खातेफोडीचे किती अर्ज टाकायचे, ते तिथेच ठरवू.