पटाच्या निकालांचं दप्तर हवं

रिची इव्हान्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम या लहान शहराचा हा माणूस. सोळाव्या वर्षी घरची शेती सोडून गॅरेजात लागला आणि पुढे स्टॉक कार पळवू लागला. त्याचा गट मॉडिफाइडचा, म्हणजे साध्या मोटारीत भरपूर फेरफार करून बनवलेल्या गाड्यांचा. नारिंगी रंग आणि ६१ हा आकडा, एवढ्यावरून प्रेक्षक त्याची गाडी लांबून ओळखत. नासकार या अमेरिकी मोटारशर्यत संस्थेच्या या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद त्याने ९ वेळा मिळवलं: आधी १९७३ मध्ये, मग १९७८ पासून १९८५ पर्यंत सलग. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर सरावात गाडी आदळून तो गेला. वय ४४. नववं विजेतेपद तोवर पक्कं झालं होतं.

नासकारच्या बड्या कप मालिकेतल्या ताऱ्यांच्या मानाने त्याचा मुलूख लहान होता. तरीही २०१२ च्या तुकडीत त्याला नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं आणि मॉडिफाइड गटात ६१ नंबर कायमचा राखून ठेवला गेला. छोट्या ट्रॅकवरचे निकाल वर्षानुवर्षं नीट नोंदवून ठेवलेले होते, म्हणूनच हे होऊ शकलं.

आपल्याकडे अशी मुलूख गाजवणारी शर्यत बैलांची आहे. मराठवाडा-विदर्भात शंकरपट, पुणे-साताऱ्याकडे बैलगाडा. हलक्या गाडीला जोडी जुंपलेली, धुरकरी वाकून बसलेला, झेंडा पडला की काही सेकंदांत सगळा खेळ संपतो. घड्याळावरच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागावरून नंबर ठरतात. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात महिला धुरकरीही उतरतात. हे कसब कमी नाही, आणि खिल्लार बैलाला या वेगासाठी तयार करायला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात.

पण मागच्या पिढीत मराठवाड्यात सलग किती पट कोणत्या जोडीने मारले, हे आज कुठे पाहायला मिळतं? जुन्या माणसांच्या तोंडी, नाहीतर घरातल्या ढालींवर. अलीकडे बकासूरसारख्या बैलाचं नाव मोबाइलमुळे घरोघरी गेलं खरं, पण व्हिडिओला दप्तराची सर येत नाही.

मधल्या काळात तर शर्यतीच बंद होत्या. ७ मे २०१४ च्या निकालाने त्यांवर बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सात वर्षांत किती तरणे बैल पळण्याच्या वयातून निघून गेले आणि किती धुरकरी हे काम सोडून दुसरीकडे वळले, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

खरं तर आता काम सोपं झालं आहे. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते. म्हणजे निम्मे कागद सरकारदरबारी तयारच असतात. त्यांत जोडीचं नाव, धुरकरी, अंतर, वेळ आणि क्रमांक यांची भर घातली की दप्तर उभं राहतं. याचा मोठा फायदा बैलांनाच होईल. एकच बैल आठवड्यात तीन गावांत पळवला, तर नोंदीत ते लगेच दिसेल आणि त्याला रोखता येईल. खेळावर प्रेम असलेल्यांनी ही मागणी स्वतःहून करायला हवी. न्यायालयाने पुन्हा कान धरेपर्यंत थांबू नये.

सुरुवात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने करावी. सुगी आटोपली की पटांचे दिवस येतात. त्याआधी पशुसंवर्धन विभागाने एक साधा तक्ता छापून आयोजकांच्या हाती द्यावा आणि निकाल भरून तो परत आल्याशिवाय पुढच्या वर्षीची परवानगी देऊ नये.