गटनायकाने खो द्यायला शिकावे

ज्याचा आवाज मोठा तो गटनायक, असे पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटायचे. गुरुजींनी शनिवारी खो-खो घ्यायचे काम मला दिले, तेव्हा मी शिट्टी फुंकून नुसता ओरडत होतो. दुसरीतल्या एका मुलाला मी म्हणालो, "तू कच्चं लिंबू, बाजूला बस." पुढच्या शनिवारी तो मैदानावर आलाच नाही. मला फार वाईट वाटले.

खो-खोत आठ गडी बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागेही वळता येत नाही. कितीही चपळ असला तरी त्याला खो द्यावाच लागतो. मग गटनायकाने एकट्यानेच सगळे करून कसे चालेल?

आता माझी रीत वेगळी आहे. त्या मुलाला मी घरी जाऊन बोलावून आणले. फक्की मारणे, गुण मोजणे ही कामे सर्वांना पाळीपाळीने देतो. कोणी चुकलं तर हसायचं नाही, नियम परत सांगायचा. माझी पाळी शेवटी.

२०२५ साली दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. त्यांचे कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर महाराष्ट्राचेच. पण तेही एकटे जिंकले नाहीत, सगळा संघ खेळला.

पालकांनो, घरी गेल्यावर आम्हाला "जिंकलास का?" एवढेच विचारू नका. "आज कोणाकोणाला खेळायला घेतलंस?" हेही विचारा, असे माझे मत आहे.

– इयत्ता चौथी